शरीराची अमानत : मधुमेह, रोजा आणि विचारण्याचे कर्तव्य

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने माणसाला उत्तम घडणीत निर्माण केले, त्याला आजारही दिला आणि आजारातून वाट काढण्याची बुद्धीही दिली. दरूद व सलाम असो पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी आपल्या अनुयायांना इबादत शिकवली आणि इबादत करणाऱ्या देहाची काळजी घेणेही शिकवले.

सन्माननीय बंधु-भगिनींनो, आजचे निवेदन मी एका कबुलीने सुरू करीत आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजानच्या दुसऱ्या जुम्याला बयान करण्यासाठी मी पेणहून नागोठणेमार्गे रोह्याला गेलो होतो. पहिल्या सफमध्ये एक वडीलधारे गृहस्थ बसले होते. सारा मोहल्ला त्यांना चाचा म्हणे. उमेदीची वर्षे आखातात नोकरी करून ते गावी परतले होते. बारा वर्षांपासून त्यांना साखरेचा आजार होता, हे सर्वांना ठाऊक होते. बयानाच्या ओघात मी त्यांच्याकडे हात करून म्हणालो, "बघा, इतका जुना आजार असूनही चाचांनी एक रोजा सोडलेला नाही. आणि आपली धडधाकट मुले दुपारी टपरीवर दिसतात!" लोकांनी माशाअल्लाह म्हटले. चाचांनी मान खाली घातली. बयान प्रभावी झाले, या समाधानात मी घरी परतलो.

चार दिवसांनी असरच्या नमाजमध्ये चाचा सजद्यातून उठले नाहीत. त्यांचे कपडे घामाने भिजले होते आणि हाक मारली तर उत्तर येत नव्हते. रोजाची अशक्तपणा असेल असे समजून कुणी वारा घालत होते, कुणी तळवे चोळत होते. एका तरुणाने मात्र वेळ न दवडता रिक्षा आणली. दवाखान्यात रक्तातील साखर मोजली तेव्हा ती अवघी ३८ होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्यांनी डोळे उघडले. एरवी न्याहारीच्या वेळी घ्यायची गोळी ते तशीच, पूर्ण मात्रेत, सहरीला घेत होते आणि त्यानंतर सूर्यास्तापर्यंत उपाशी राहत होते. डॉक्टरांना त्यांनी विचारले नव्हते. आणि आम्हीही कुणी त्यांना विचारले नव्हते.

मी भेटायला गेलो तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "मौलाना, दोन दिवस दुपारचे हातपाय कापत होते. पण तुम्ही सगळ्यांसमोर माझे नाव घेतले होते. मग रोजा सोडायचा कसा?"

त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. हा लेख त्या वाक्याचे ऋण आहे.

जखमी प्रवाशाची हदीस

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. काही सहाबा प्रवासात होते. त्यांच्यातील एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याला गुस्ल करणे आवश्यक झाले. त्याने सोबत्यांना विचारले की, मला तयम्मुमची सवलत आहे का? सोबत्यांनी सांगितले की, पाणी उपलब्ध असताना आम्हाला तुझ्यासाठी सवलत दिसत नाही. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. ही वार्ता पैगंबर (स.) यांच्यापर्यंत पोहोचली तेव्हा ते अत्यंत संतप्त झाले. त्या सोबत्यांनीच त्याचा जीव घेतला, असे त्यांनी म्हटले. ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, असा जाब त्यांनी केला आणि अज्ञानावरचा उपाय विचारणे हाच आहे, अशी शिकवण दिली.

या प्रसंगातील सोबती वाईट माणसे नव्हती. ते शरीअतचा आदर करणारे, इबादतीत कसूर होऊ नये म्हणून झटणारे लोक होते. तरीही त्यांच्या सल्ल्याने एक जीव गेला. कारण धर्मातील कठोरपणा त्यांना माहीत होता, धर्मातील सवलत माहीत नव्हती.

याच संग्रहात हजरत अम्र बिन आस (रजि.) यांचा प्रसंग आहे. जातुस्सलासिलच्या मोहिमेत कडाक्याच्या थंडीच्या रात्री त्यांना गुस्ल आवश्यक झाले. थंड पाण्याने जीव जाईल या भीतीने त्यांनी तयम्मुम केले आणि सोबत्यांना फज्रची नमाज पढवली. पैगंबर (स.) यांनी विचारणा केली तेव्हा त्यांनी सूरह निसामधील, स्वतःचा जीव घेऊ नका, या आशयाच्या आज्ञेचा आधार दिला. पैगंबर (स.) हसले आणि काही बोलले नाहीत. एका प्रसंगी संताप, दुसऱ्या प्रसंगी स्मित. आजारी माणसाबाबत इस्लामची भूमिका काय आहे, हे समजण्यास हे दोन प्रसंग पुरेसे आहेत.

हा आजार नेमका काय आहे?

विचारण्याची सुरुवात आजार समजून घेण्यापासून होते. आपण जे अन्न खातो, विशेषतः भात, भाकरी, पाव आणि गोड पदार्थ, त्याचे शरीरात ग्लुकोज नावाच्या साखरेत रूपांतर होते. ही साखर रक्तातून पेशींपर्यंत जाते. पेशींचे दार उघडणारी किल्ली म्हणजे इन्सुलिन. ते पोटातील स्वादुपिंड तयार करते. ही किल्ली तयारच होईनाशी झाली, तर तो पहिल्या प्रकारचा मधुमेह. तो बहुधा लहान वयात होतो आणि त्यात इन्सुलिनचे इंजेक्शन अपरिहार्य असते. किल्ली असते, पण कुलूप तिला दाद देत नाही आणि हळूहळू किल्ल्याही अपुऱ्या पडतात, तो दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. आपल्यातील बहुतेक रुग्ण या दुसऱ्या प्रकारचे आहेत.

दार न उघडल्याने साखर रक्तातच साचते. वर्षानुवर्षे साचलेली ही साखर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, हृदय आणि पायांच्या नसा हळूहळू निकामी करते. हे काम इतके मूकपणे चालते की पुष्कळ लोकांना पहिली काही वर्षे कसलाच त्रास जाणवत नाही. म्हणूनच 'मला काही होत नाही' हा निरोगीपणाचा पुरावा ठरत नाही. पुरावा तपासणी देते. उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी ६.५ टक्के किंवा अधिक आली आणि फेरतपासणीत तीच गोष्ट दिसली, तर तो मधुमेह समजला जातो. उपाशीपोटी १०० ते १२५ ही उंबरठ्यावरची अवस्था होय. तेथून माघारी फिरता येते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक प्रौढांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक उंबरठ्यावर आहेत. सर्वाधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात आढळले, २६.४ टक्के. म्हणजे तेथे दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक. किनारपट्टीवर राहणाऱ्या, भात हे मुख्य अन्न असणाऱ्या आपण लोकांनी हा आकडा परका समजू नये.

'मी तर सडपातळ आहे, मला साखर कशी होईल?' असे अनेकजण विचारतात. याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधले गेले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचे आणि इंग्लंडमधील आपल्या एका सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण इंग्रज सहकाऱ्याच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा कितीतरी कमी वजनाची असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने अधिक असते, हेही त्यांच्या संशोधनातून दिसले. म्हणजे बारीक दिसणारा भारतीय देह आतून जाड असू शकतो. वाटेल त्या अंगकाठीच्या माणसाने, विशेषतः तिशीनंतर आणि घरात आई-वडिलांना हा आजार असल्यास, तपासणी करून घेतली पाहिजे. पेण आणि रोहा येथील उपजिल्हा रुग्णालयांत व गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तिशीनंतरच्या व्यक्तींसाठी ही तपासणी शासकीय कार्यक्रमांतर्गत मोफत आहे.

तकदीर आणि तदबीर

काही बंधू म्हणतात, आजार अल्लाहने दिला, तोच बरा करील, गोळ्या कशाला? हा ईमानचा भाग वाटतो, परंतु तो पैगंबर (स.) यांचा मार्ग नव्हे. त्यांनी उंटाला बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्यास सांगितले. औषधोपचार करावा का, असे विचारणाऱ्या ग्रामीण अरबांना त्यांनी उपचार करण्याची आज्ञा दिली आणि वार्धक्य सोडले तर प्रत्येक आजाराला अल्लाहने उपाय ठेवला आहे, असे शिकवले. हजरत साद (रजि.) आजारी पडले तेव्हा त्यांना हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास त्यांनी सांगितले. शाम प्रांतात प्लेग पसरल्याचे कळताच हजरत उमर (रजि.) माघारी फिरले, आणि अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले की, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. गोळी हीसुद्धा अल्लाहचीच तकदीर आहे.

१९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे इन्सुलिन वेगळे काढण्यात यश आले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला दिले गेले. त्यापूर्वी पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेले मूल फार काळ जगत नसे. 'इन्सुलिन सुरू केले म्हणजे शेवट आला', 'त्याची सवय लागते', अशा समजुती आपल्या घरोघरी आहेत. शरीराला जे कमी पडते ते देणे ही सवय कशी? पूर्वी इन्सुलिन गाय व डुकराच्या स्वादुपिंडातून काढले जाई, म्हणून काहींच्या मनात शंका राहते. १९८२ पासून मानवी इन्सुलिन सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने तयार होऊ लागले. शंका असेल तर औषधविक्रेत्याला व आलिमांना विचारावे. शंकेपायी इंजेक्शन सोडून देऊ नये.

मध आणि कलौंजी यांविषयीही बोलणे आवश्यक आहे. कुरआनात मधामध्ये शिफा असल्याचे सांगितले आहे, कलौंजीची महती हदीसमध्ये आली आहे, आणि आम्ही त्यावर ईमान ठेवतो. परंतु प्रत्येक आजाऱ्याने, प्रत्येक अवस्थेत, कितीही मध घ्यावा असा त्याचा अर्थ भाष्यकारांनी केलेला नाही. मधात बहुतांश साखरच असते, आणि तो रक्तातील साखर वाढवतो. कलौंजी, मेथी, कारले यांचा आहारात उपयोग करण्यास हरकत नाही. पण त्यांच्या भरवशावर गोळ्या बंद करणे म्हणजे उंट मोकळा सोडण्यासारखे आहे. आणि पैगंबर (स.) यांचे नाव घेऊन बाटलीबंद 'साखरमुक्ती' विकणाऱ्यांपासून सावध राहावे.

ताट, चालणे आणि वुजू

पैगंबर (स.) यांनी पोटाचे तीन भाग सांगितले : एक अन्नासाठी, एक पाण्यासाठी, एक श्वासासाठी. मधुमेहाच्या आहारशास्त्राचा पाया याहून फारसा वेगळा नाही. आपला रायगड भाताचा जिल्हा. सकाळी तांदळाची भाकरी किंवा पेणचे पोहे, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. अल्लाहची ही नेमत हराम झालेली नाही, तिचे माप मात्र बदलले पाहिजे. ताटाचा अर्धा भाग भाजी, पाव भाग मासळी, अंडी किंवा डाळ-कडधान्य आणि उरलेल्या पाव भागात भात किंवा भाकरी, असे साधे गणित ठेवावे. भातकापणीनंतर आपल्या शेतांत येणारे वाल ही या मातीची चांगली देणगी आहे. भाताचा एक वाढा कमी करून वालाची उसळ वाढवावी. मासळी तळण्यापेक्षा कालवणात घ्यावी. सरबत, शीतपेय आणि चहातील साखर या तीन गोष्टी सोडल्या तरी पुष्कळ फरक पडतो.

चालण्याबाबत वेगळे काय सांगावे? मस्जिदकडे टाकलेल्या प्रत्येक पावलाचे पुण्य आपण मुलांना शिकवतो आणि स्वतः दोन गल्ल्यांसाठी मोटारसायकल काढतो. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालल्याने रक्तातील साखर उतरते. इशाला चालत जाऊन चालत परतणाऱ्याला इबादत आणि उपचार एकाच वाटेवर मिळतात.

पायांविषयी विशेष सांगायचे आहे. या आजारात पायांची संवेदना हरपते. पेणकडच्या मिठागरांत खारट पाण्यात उभे राहणारा, भाताच्या खाचरात अनवाणी उतरणारा आपला माणूस काटा रुतला तरी ओळखत नाही. जखम चिघळते, आणि पुढे पाय कापण्याची वेळ येते. परंतु ज्याला दिवसातून पाच वेळा वुजू करायचा आहे, त्याच्या हाती पायांच्या निरीक्षणाच्या पाच संधी आहेत. बोटांच्या बेचक्यांत पाणी पोहोचवणे ही सुन्नत आहे. तेव्हाच तेथे भेग, फोड, लाली आहे का हे पाहावे. तळवा दिसत नसेल तर घरातील कुणाला दाखवावा. पाणी फार गरम नाही ना हे कोपराने तपासावे, कारण पायाला ते कळणार नाही. नंतर बेचक्या कोरड्या पुसाव्यात, कारण ओलाव्यात बुरशी वाढते. जखम असल्यास पट्टीवर मसह आणि तयम्मुम यांचे नियम आहेत. कोकणातील आपला समाज बहुतांशी शाफई मसलकचा आहे. त्यातील तपशील आपल्या आलिमांना विचारावा. जखमी प्रवाशाला ज्यांनी विचारले नाही, त्यांच्यासारखे होऊ नये.

रोजा : कुणाला आणि कसा?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सूरह बकरामध्ये रोजे फर्ज करणाऱ्या आज्ञेबरोबरच आजारी आणि प्रवासी यांना इतर दिवसांत संख्या पूर्ण करण्याची सवलत दिली आहे, ज्यांना रोजा झेपत नाही त्यांच्यासाठी गरिबाला जेवण देण्याचा फिदया सांगितला आहे, आणि अल्लाह तुमच्यासाठी सुलभता इच्छितो, अडचण इच्छित नाही, हे स्पष्ट केले आहे. सवलत हे फर्जला पाडलेले भगदाड नव्हे. ज्या आयतींनी रोजा दिला त्यांनीच सवलतही दिली. अल्लाहने दिलेल्या सवलतींचा स्वीकार केलेला त्याला आवडतो, असेही हदीसमध्ये आले आहे. प्रवासात रोजा धरून कोसळलेल्या आणि लोकांनी सावली धरलेल्या माणसाला पाहून, असा रोजा ही नेकी नाही, असे पैगंबर (स.) यांनी सांगितले होते.

२००१ सालच्या रमजानविषयी १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मधुमेही व्यक्तींचा अभ्यास झाला. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांपैकी सुमारे ७९ टक्के लोकांनी किमान पंधरा दिवस रोजे ठेवले होते. याच रुग्णांमध्ये, साखर घसरून रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण एरवीच्या महिन्यांपेक्षा साडेसात पट झाले होते. म्हणजे रोह्याचे चाचा एकटे नव्हते.

आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००९ साली शारजा येथील अधिवेशनात डॉक्टरांच्या मताच्या आधारे मधुमेहींचे धोक्यानुसार चार गट मानले. ज्यांना रोजाने गंभीर हानी होण्याची खात्री किंवा दाट शक्यता आहे, त्यांनी रोजा ठेवू नये, असा तिचा निर्णय आहे. अलीकडे वारंवार साखर घसरलेले किंवा घसरल्याची जाणीवच न होणारे, साखर फार अनियंत्रित असलेले, मूत्रपिंडे वा हृदय बिघडलेले, इन्सुलिन घेणाऱ्या गरोदर भगिनी, पहिल्या प्रकारचे बहुतेक रुग्ण, हे सारे मोठ्या धोक्यात मोडतात. याउलट आहाराने किंवा साखर न घसरवणाऱ्या मोजक्या गोळ्यांनी ज्यांची साखर काबूत आहे, असे अनेकजण डॉक्टरांच्या सल्ल्याने सुखरूप रोजे ठेवू शकतात. आपण कोणत्या गटात आहोत, हे शेजारी सांगू शकत नाही, मीही सांगू शकत नाही. डॉक्टर सांगतील.

म्हणून रजबचा चंद्र दिसला की डॉक्टरांची भेट घ्यावी. रमजानला तेव्हा सुमारे दोन महिने असतात आणि औषधांची फेररचना करण्यास तेवढा अवधी लागतो. कोणती गोळी इफ्तारला न्यावी, सहरीची मात्रा किती घटवावी, इन्सुलिन किती घ्यावे, हे त्यांनी लिहून द्यावे. सहरी टाळू नये आणि ती शक्य तितकी उशिरा करावी. इफ्तारला एखाद-दुसरा खजूर आणि पाणी पुरेसे आहे. खजूर नसेल तर नुसत्या पाण्याने रोजा सोडणे हीही सुन्नतच आहे. भजी, समोसे आणि गुलाबी सरबताचे ताट ही सुन्नत नव्हे, तो आपला रिवाज आहे.

रोजात बोटाला सुई टोचून साखर मोजल्याने रोजा तुटत नाही. तपासणीसाठी रक्त काढल्याने, तसेच पोषण न देणाऱ्या इंजेक्शनने रोजा बिघडत नाही, असे याच अकादमीने १९९७ साली जेद्दा येथे ठरवले आहे. म्हणजे इन्सुलिनही यात येते. तेव्हा मोजण्यास कचरू नये. आणि साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, अथवा कापरे, दरदरून घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसली, तर रोजा तत्काळ सोडावा. मगरिबला अर्धा तास उरला असला तरीही. साखर घसरली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, गरज पडल्यास पुन्हा घ्यावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही ओतू नये. त्वरित दवाखाना गाठावा. सोडलेला रोजा, पुढे झेपेल असे डॉक्टर म्हणत असतील तर, थंडीतील लहान दिवसांत कजा करता येतो. कायमचेच झेपणार नसेल तर फिदया आहे.

समाजाचे उत्तरदायित्व

बंधु-भगिनींनो, आजारी माणूस एकटा रोजा धरत नाही. आपल्या नजरा त्याला तो धरायला लावतात. दुपारी पाणी पिणाऱ्या वृद्धाकडे रोखून पाहू नका. 'तुम्ही रोजा नाही का?' हा प्रश्न आपल्या जिभेवरून कायमचा काढून टाका. आमच्यासारख्या मिंबरवर उभे राहणाऱ्यांनी रोजाची महती सांगताना त्याच दमात सवलतीची आयतही सांगावी. मस्जिदीच्या जमातींनी शाबानमध्ये एका जुम्याला नमाजनंतर डॉक्टर बोलवावेत, साखर तपासणी ठेवावी. ज्यांना औषध परवडत नाही आणि जे जकातीस पात्र आहेत, त्यांच्या इन्सुलिनसाठी जकात पोहोचवावी.

आणि घरातील भगिनींचे काय? साऱ्यांची सहरी रांधून, साऱ्यांचे इफ्तार मांडून, उरलेले उभ्याउभ्या खाणारी आई आपली साखर कधी मोजते? पुष्कळदा लग्नाच्या चिंतेने मुलीचा आजार लपवला जातो, तिचे इन्सुलिन कपाटाच्या मागे ठेवले जाते. लपवलेला आजार थांबत नाही, तो वाढतो. कियामतच्या दिवशी माणसाचे पाऊल हलण्यापूर्वी जे प्रश्न विचारले जातील, त्यांत शरीर कशात झिजवले हाही एक प्रश्न आहे, असे तिरमिजीच्या हदीसमध्ये आले आहे. आपल्या हाती असलेल्या इतरांच्या शरीरांबद्दलही आपल्याला उत्तर द्यावे लागणार आहे.

पुढच्या वर्षी रजबमध्ये चाचांनी डॉक्टरांना विचारले. त्यांची मूत्रपिंडे थकली होती. रोजा धरू नका, असे डॉक्टरांनी सांगितले. ते फार रडले. त्या रमजानच्या पहिल्या जुम्याला मी मिंबरवर चढण्यापूर्वी त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, "मौलाना, माझे नाव पुन्हा घ्या. सांगा की चाचा या साली रोजा धरत नाहीत, फिदया देतात. म्हणजे दुसऱ्या कुणाला लाज वाटणार नाही." मी तसेच सांगितले, आणि सर्वांसमोर त्यांची क्षमाही मागितली. त्या दिवशी कुणी माशाअल्लाह म्हटले नाही. पण नमाजनंतर तीन माणसे माझ्याजवळ आली आणि हलक्या आवाजात त्यांनी विचारले, "मौलाना, मलाही साखर आहे. मी काय करू?"

हे अल्लाह, आमच्या आजाऱ्यांना शिफा दे. जे रोजा धरतात त्यांचा रोजा कबूल कर आणि जे तुझ्याच आज्ञेने सोडतात त्यांचे सोडणेही कबूल कर. आम्हाला ठाऊक नसलेले विचारण्याची नम्रता दे, आणि आमच्या जिभेने कुणाच्या जिवाला अपाय होऊ देऊ नकोस. आमीन.